सोन्याच्या पोती

कापडाचा पोत असतो, मातीचा पोत असतो. पुस्तकी मराठीत हा शब्द पुरुष आहे. आमच्या आदिलाबादकडच्या मराठीत पोत बाई आहे. ती पोत. लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात असते. काळे मणी आणि ऐपत असेल तर मधेमधे सोन्याचे गोल मणी. अनेक झाल्या की पोती. हे व्याकरण मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे, आणि हे एवढं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी माझ्या कामाचं काय केलं ते मला लिहायचं आहे.

संपादकांनी निरोप दिला होता की दिवाळीचा अंक आहे, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत. पण त्या आठवायला बसलो की राग आधी येतो. तेव्हा राग आणि गमती जशा येतील तशा लिहितो.

माझी पुढची सगळी नोकरी शाळेत गेली. पण पहिली नोकरी वेगळीच होती. भीमपूरच्या बाजूला, नदीच्या अलीकडे आमचं गाव. वडील दुसऱ्याच्या शेतात राबले. आमच्या वस्तीतला पहिला बीए मी, तोही मराठी घेऊन, नांदेडला राहून. पदवी घेऊन आलो तर इकडे सगळा कारभार तेलुगूत. मराठी बीएचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा आदिलाबादला एका भाड्याच्या घरात एक कार्यालय उघडलं. ख्रिस्ती लोकांच्या धर्मपुस्तकाचा जुना भाग आमच्या सरहद्दीकडच्या बोलीत आणायचा, त्यासाठी बोली जाणणारा आणि शुद्ध मराठी लिहू शकणारा माणूस पाहिजे होता. असा माणूस त्या वेळी जिल्ह्यात फार नव्हता. मी गेलो आणि मला ठेवून घेतलं.

घरी गहजब झाला. आमचं घर बौद्ध. वडील म्हणाले, बाबासाहेबांनी एक वाट दाखवली, तू दुसऱ्या वाटेला लागला का? मी सांगितलं की मी धर्म बदलत नाही, शब्द बदलून देतो, आणि त्याचा पगार घेतो. त्यांना ते पटायला वर्ष लागलं. त्या पुस्तकाशी माझं श्रद्धेचं नातं नव्हतं, आजही नाही. पण माझा राग त्या पुस्तकावर नाही, ते मानणाऱ्या लोकांवर तर मुळीच नाही. राग मधल्या माणसांवर आहे.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. पुस्तकाचा हा भाग मुळात हिब्रू भाषेत आहे. हिब्रू येणारे एक विद्वान आमचे प्रमुख होते, शांतवन सर. भारदस्त माणूस, मराठी अगदी शहरातली, बोलणं कधी चढ्या आवाजात नाही. ते वाक्याचा अर्थ समजावून सांगत, त्यावरून मी बोलीत कच्चा तर्जुमा करायचा. मग तो घेऊन आम्ही गावोगाव जायचो, जिथे ही बोली बोलणारी ख्रिस्ती घरं होती तिथे, आणि इतर कोणी बसलं तर त्यांच्याही पुढे, वाचून दाखवायचो. या कामात एक पक्का नियम होता. ‘समजलं का’ असं कोणाला विचारायचं नाही. शिकलेला माणूस विचारतो आहे म्हटल्यावर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘काय झालं ते सांगा’ असं विचारायचं. लोक सांगतात त्यावरून आपण काय लिहिलं ते आपल्याला कळतं.

आणि जे कळायचं ते काही वेळा फार लागायचं. त्या पुस्तकात एका ठिकाणी गर्विष्ठ बायकांच्या दागिन्यांची लांबलचक यादी आहे. त्यातल्या पायातल्या दागिन्याला सरांनी ‘नूपुर’ लिहायला लावलं. मी म्हटलं, आमच्याकडे वाळे म्हणतात, तोरड्या म्हणतात. ते म्हणाले, धर्मग्रंथाला थोडं वजन पाहिजे. मुधोळजवळच्या एका गावात ते वाचलं आणि काय झालं ते सांगा म्हटलं, तर एक बाई म्हणाली, देवाले त्या नूपुरचा लई राग आलेला दिसते. मी विचारलं, नूपुर कोण? ती म्हणाली, असंल एखाद्या सावकाराची सून. परत येताना बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी वाळे आले.

पण त्या दिवशी ते एक वाक्य बोलून गेले, ते मी विसरलो नाही. वाळे लिहायला परवानगी देताना म्हणाले, “अहो भगत, मला वाटलं नव्हतं की या बोलीत दागिन्यांचे इतके शब्द निघतील. या लोकांकडे दागिने होतेच कुठे?”

या लोकांकडे. मी त्या लोकांपैकी समोर उभा. माझ्या आईच्या कानात, गळ्यात, दंडात, पायात जे होतं ते चांदीचं नव्हतं, काशाचं, शिशाचं होतं, पण त्या प्रत्येकाला नाव होतं. वस्तू स्वस्त असली म्हणून तिचा शब्द स्वस्त होतो असं ज्याला वाटतं त्याने दुसऱ्याच्या भाषेत हात घालू नये. हे मी त्या दिवशी मनात म्हटलं. तोंडाने म्हणायला पाहिजे होतं, पण नवी नोकरी होती.

आता मुख्य शब्दाकडे येतो. हिब्रूत एक शब्द आहे, कुमाझ. सोन्याचा कसलासा दागिना. सगळ्या जुन्या भागात तो फक्त दोनदा येतो, आणि नक्की काय ते कोणालाच ठाऊक नाही. सरांनी त्याचे अर्थ सांगितले ते मजेशीर होते. काही जुने पंडित म्हणतात, तो बाईच्या गुप्त जागेवर बांधायचा दागिना. हे सांगताना सरांनी उठून दार लावून घेतलं, खोलीत आम्ही दोघंच असताना. दुसरे म्हणतात, दंडातलं कडं. आणखी काही पंडित अरबी भाषेतल्या एका जवळच्या शब्दावरून म्हणतात की गोळा करणं, गोळी वळणं असा त्याचा मूळ अर्थ असावा, म्हणजे सोन्याच्या बारीक गोळ्या ओवून केलेलं काहीतरी, गळ्यातलं. सरांना हा शेवटचा अर्थ पटत होता. मलाही.

सोन्याच्या गोल गोळ्या, ओवलेल्या, बाईच्या गळ्यातल्या. मी सरळ लिहिलं, पोत.

पण दोनदा येतो म्हणजे दोन्हीकडे बसायला पाहिजे. पहिल्या ठिकाणी लोक रानात देवासाठी तंबू उभारतात, आणि बाया-पुरुष आपखुशीने सोनं आणून देतात. त्यात कुमाझ आहे. हे मुधोळकडे वाचलं, तिथे शेतकरी घरच्या बायका बसल्या होत्या. काय झालं ते सांगा म्हटलं तर कोणी सांगेना. शेवटी एकीने सांगितलं की असं वाचत नका जाऊ, सवाशीण बाई पोत काढून देत नाही, देवाले बी देत नाही. अपशकुन होतो. मग मी विचारलं की द्यायचंच ठरवलं तर काय देईल? ती म्हणाली, पोतीतले मणी काढून देईल. नवस फेडायला आम्ही देतो तसे. धागा गळ्यात राहिला पाहिजे.

मला एकदम रस्ता दिसला. पहिल्या ठिकाणी मी लिहिलं: पोतीतले सोन्याचे मणी. बायांनी मणी काढून दिले, पोत गळ्यातच राहिली.

दुसरं ठिकाण लढाईनंतरचं आहे. शत्रूचे सगळे पुरुष मारून टाकलेले आहेत. बाया-पोरं धरून आणलेली आहेत. मग सैन्याचे नायक येतात आणि म्हणतात की आमचा एकही शिपाई कमी झाला नाही, म्हणून ज्याला जो दागिना मिळाला तो आम्ही देवापुढे आणला. दंडातली कडी, बांगड्या, अंगठ्या, कानातलं, आणि कुमाझ. इथे मी लिहिलं: सोन्याच्या पोती. एका ठिकाणी मणी आले, दुसऱ्या ठिकाणी अख्ख्या पोती आल्या. मधे काय झालं असेल ते ऐकणाऱ्या बाईला सांगावं लागणार नाही असा माझा अंदाज होता. जन्मात मी जे काही चांगलं लिहिलं असेल त्यात ही दोन शब्दांची जोडी मी सगळ्यात वर धरतो.

अंदाज खरा निघाला तो गयाबाईच्या गावात. भीमपूरच्या बाजूचंच गाव, आठ-दहा ख्रिस्ती घरं, मातीचं प्रार्थनाघर, येसुदास नावाचा प्रचारक. गयाबाई त्यांच्यातलीच, नवरा मेलेली, मजुरी करणारी, आणि तोंडाने अशी की येसुदास प्रार्थना सांगताना तिच्याकडे बघायचा नाही. मला ती कधी नावाने बोलवायची नाही. बीए म्हणायची. ‘बीए आले वाटते, बसायले बाज द्या’, असं.

मी लढाईनंतरचा भाग वाचला. काय झालं ते सांगा म्हटलं. येसुदासने सांगितलं की देवाने विजय दिला, लोकांनी कृतज्ञतेने सोनं वाहिलं. बरोबर होतं ते. पुरुषांनी माना हलवल्या. गयाबाई सुपात ज्वारी घोळत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

“पोती आणल्या मनता ना? मंग त्या बायायचे नवरे मेले असतीन.”

मी विचारलं, कशावरून?

“काऊन म्हंजे? जित्या नवऱ्याची बाई पोत काढून देते का, बीए? तुमच्या कॉलेजात येवढं बी शिकवत नाई काय?”

बायका हसल्या. येसुदासही हसला. ती नाही हसली. सुपाकडे बघतच बोलली, “कोणं तरी तोडल्या असतीन. माह्यी दिरानं तोडली. आमी प्रार्थनेले जाणारे, आमच्यात तोडत नाईत, पाद्री सांगून गेला होता. तरी तोडली. मानेले वळ पडला. काळे मणी भुईवर सांडले ते मी येचत बसली. सोन्याचे त्यानं येचले.”

तिने मला विचारलं, हे पुस्तकात हाय का? मी म्हटलं, तुझं नाही, पण पोत आहे. ती म्हणाली, पोत हाय म्हंजे झालं, समजणाऱ्या बाईले समजते. छापून येईन ना असं? मी म्हटलं, येईल. माझा शब्द आहे.

येसुदासच्या मनाविरुद्ध त्या दिवशी तो उतारा बायकांनी आणखी दोनदा वाचायला लावला. एवढ्या गावांत एवढी पानं वाचली, कोणत्या उताऱ्याला असं झालं नव्हतं.

आदिलाबादला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते चष्मा पुसत बसले. मग त्यांनी फार शांतपणे सांगितलं की हे अडचणीचं आहे. हिब्रू शब्द नुसत्या दागिन्याचा आहे, त्यात लग्न नाही, वैधव्य नाही. वाचणाऱ्याचं लक्ष अर्पणाकडे जायला पाहिजे. तुमचा शब्द त्याला भलतीकडे नेतो.

“भगत, तुम्ही मजकुरात त्या नवऱ्यांचा मृत्यू घातला आहे.”

“मी नाही घातला सर. त्याच पानावर वर आहे.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. शब्दात नसलेलं घालू नये, हा या धंद्याचा पहिला धडा, तो त्यांनीच मला दिला होता. पण दुसरा धडाही त्यांचाच होता, की ऐकणारा जे समजतो तोच तुमचा तर्जुमा. आणि गयाबाई चुकीचं काहीच समजली नव्हती. तिथे पुरुष मेलेच होते. दागिने गळ्यातून, हातातून काढलेलेच होते. कोणी ते आपणहून दिले असं पुस्तक म्हणत नाही. जे हिब्रू ऐकणाऱ्या जुन्या लोकांना आपोआप दिसत असेल, लढाया त्यांनी पाहिलेल्या होत्या, ते आमच्या बाईला एका शब्दाने दिसलं. मग बिघडलं काय?

हा वाद आठवडाभर चालला. मी टीप द्या म्हणालो, खाली बारीक अक्षरात, पोत म्हणजे काय ते. ते म्हणाले, इतक्या बारीक गोष्टीला टीप नको. शेवटी कंटाळून म्हणा, पटून म्हणा, त्यांनी मान्य केलं. ‘पोतीतले सोन्याचे मणी’ आणि ‘सोन्याच्या पोती’, दोन्हीला त्यांनी माझ्यासमोर बरोबरची खूण केली. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, येवढ्यासाठी तुले पगार देतात का? मी म्हटलं, हो, येवढ्यासाठीच.

पक्की प्रत छपाईला बाहेर गेली, पुण्याकडे. मुद्रितं तपासायला तिथल्याच एका शिकलेल्या गृहस्थांना दिली होती. त्यांना मी कधी पाहिलं नाही. बोलीभाषेतलं पुस्तक आहे, शब्द बदलू नका, फक्त छपाईच्या चुका पाहा, असं त्यांना कळवलेलं होतं. तपासलेली मुद्रितं सरांकडे यायची. माझ्याकडे यायची नाहीत. का, ते मी विचारलं होतं. उत्तर मिळालं की ते तांत्रिक काम आहे.

पुस्तकं खोक्यांतून आली त्या दिवशी कार्यालयात पेढे वाटले. मी पेढा हातात धरून पहिलं ठिकाण काढलं. तिथे छापलं होतं: पोत्यातले सोन्याचे मणी.

आधी मला वाटलं माझेच डोळे. मग दुसरं ठिकाण काढलं. तिथे: सोन्याची पोती.

काय झालं होतं ते मला तिथेच उभ्या उभ्या कळलं, आणि ज्याला ही भाषा येते त्यालाही आता कळलं असेल. त्या गृहस्थांना गळ्यातली पोत माहीतच नव्हती. त्यांनी ‘पोतीतले’ पाहिलं आणि ठरवलं की या खेड्यातल्या माणसाला पोत्याचं सामान्यरूप येत नाही. पोतं, पोत्यातले. दुरुस्त केलं. पुढे ‘सोन्याच्या पोती’ आलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली असेल. पोतं नपुंसक आहे, मग ‘सोन्याच्या’ कसं होईल, ‘सोन्याची’ पाहिजे. माझं व्याकरण त्यांनी सुधारलं. ‘च्या’चा ‘ची’ केला, आणि बाया नाहीशा झाल्या. ज्या गळ्यांतून ते सोनं निघालं ते गळे गेले, वळ गेले. उरली काय, तर पोती. आमच्याकडे कापसाचा मुलूख आहे, पोती म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचा काटा येतो.

त्या माणसावर मी पुष्कळ दिवस चिडून होतो. आता तितका नाही. त्याने अडाणीपणा केला, पण निदान प्रामाणिक अडाणीपणा केला. आमची भाषा म्हणजे बिघडलेली मराठी, ती नीट करून द्यायची असते, असंच त्याला शाळेपासून शिकवलेलं असणार. मलाही हेच शिकवलं होतं. नांदेडला पहिल्या वर्षी मी वर्गात ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं तर अख्खा वर्ग हसला होता, प्राध्यापकांसकट.

मी पुस्तक घेऊन सरांच्या खोलीत गेलो. दोन्ही पानं उघडून समोर ठेवली. ते बघतील, दचकतील, छापखान्याला तार करतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

“मी पाहिलं होतं ते,” ते म्हणाले.

कधी पाहिलं? तर मुद्रितात. छापायच्या आधी. त्यांनी समजावून सांगितलं की छापखान्याला आधीच उशीर झाला होता, पानं पुन्हा जुळवावी लागली असती, आणि शेवटी तुम्हीच विचार करा, सोनं होतं, ते देवाला वाहिलं, मुख्य अर्थ पोचतो. वाचताना कोणी अडत नाही. मी म्हटलं, सर, अडायलाच पाहिजे होतं. ते म्हणाले, भगत, तुम्ही फार भावनेने घेता. मी म्हटलं, मी भावनेने नाही घेत, लिंगाने घेतो. पोत स्त्रीलिंगी आहे. तुम्ही तिला नपुंसक केलं.

हे बोललो ते मला आजही बरं वाटतं.

चूक दुसऱ्याची होती हे खरं, पण ती सरांच्या सोयीची होती. आठवडाभर भांडून मी जे मिळवलं होतं, ते एका अनोळखी माणसाने न भांडता काढून दिलं, आणि सरांना फक्त गप्प बसायचं होतं. ते गप्प बसले. खोटं बोलले असते तर मी कदाचित विसरलो असतो. अत्यंत सभ्य माणूस. जाताना म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत बघू.

मग गयाबाईचं गाव आलं. पुस्तकं वाटायला मलाच पाठवलं होतं. प्रार्थनाघरात सगळे जमले, येसुदासने एक प्रत उघडली, एक माझ्या हातात. गाणी झाली. गयाबाई बायकांत पुढे बसली होती, त्या दिवशी सूप आणलं नव्हतं, धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मला म्हणाली, बीए, ते वाचा.

कोणतं ते सगळ्यांना माहीत होतं. मी पान काढलं आणि जे मी लिहिलं होतं ते वाचलं. सोन्याच्या पोती. छापलेलं नाही वाचलं. हा कबुलीजबाब नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसंच वाचीन.

पण येसुदास समोर प्रत धरून बोटाने ओळ चालवत होता. सज्जन माणूस, वाचताना चुकू नये म्हणून जपणारा. तो मधेच म्हणाला, “भाऊ, इथं ‘सोन्याची पोती’ हाय. च्या नाई, ची.”

मी म्हटलं, छपाईत चुकलं आहे. तो म्हणाला, पुस्तकात चुकते काय? त्याचा प्रश्न खरा होता, त्याच्यासाठी ते देवाचं पुस्तक. मागून एक म्हातारा शेतकरी म्हणाला की पोती असतीन तर लईच सोनं झालं ना, बंड्यायनं आणलं असंल. दोघं-तिघं हसले. गाड्यांवर पोती कशी रचली असतील, यावर मागे बोलणं सुरू झालं. एवढ्या लवकर. मी तिथेच उभा होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत लोक बायांचं सोडून सामानाचं बोलायला लागले.

गयाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, कोणतं खरं?

“मी वाचलं ते.”

“आन् छापलं ते?”

मी पुस्तक मिटलं. ती आवाज न चढवता म्हणाली, “तुमी तर आज हाय, उद्या नांदेडले जासान. मी मेल्यावर हे कोणतं वाचतीन?”

मी तिला सांगितलं की दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करून घेईन. तिने मान हलवली, हो म्हणून नाही, पुरे म्हणून. मग येसुदासने प्रार्थना सुरू केली.

त्यानंतर मी तिथे फार दिवस राहिलो नाही. नेरडीगोंड्याकडे शाळेत जागा निघाली, मराठी माध्यमाची, ती घेतली. शेवटच्या दिवशी दोन्ही जागांची दुरुस्ती कार्यालयात लिहून देऊन आलो, आणि पुढेही जाता-येता आत डोकावून आठवण करून देत राहिलो. दर वेळी चहा मिळाला. शाळेत मी एक गोष्ट पाळली. कोणी ‘काऊन’ म्हटलं तर कोणाला हसू दिलं नाही. जो हसला त्याला उभं केलं. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि तेवढ्याने काही होत नाही हेही मला माहीत आहे.

दुसरी आवृत्ती निघाली ती पुष्कळ वर्षांनी. सर निवृत्त झाले होते. मी ती विकत घेतली. पहिल्या ठिकाणी ‘पोत्यातले सोन्याचे मणी’ तसंच होतं. दुसऱ्या ठिकाणी मात्र दुरुस्ती केलेली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की कोणीतरी शंका काढली होती, सोन्याची पोती म्हणजे काय, पोतं सोन्याचं कसं असेल? शंका बरोबर होती. कोणीतरी तेवढ्यापुरता तरी अडला होता. म्हणून नव्या लोकांनी अर्थ स्पष्ट केला. आता तिथे छापलं आहे: सोन्याने भरलेली पोती.

आता कोणी अडणार नाही.

गयाबाई त्याच्या आधीच गेली होती. तिच्या गावात आता हीच आवृत्ती वाचतात.